स्कोअरबुकात न दिसणारे चेंडू

बुलपेनला पाठवलं की पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, हात वाचतो, हे बेसबॉलमध्ये सगळे धरूनच चालतात. सारख्या दुखापती होणारा स्टार्टर दिसला की टीव्हीवरचे जाणकार, कोच, मुलाचे वडील, सगळ्यांच्या तोंडी एकच तोडगा: याला थोड्याच इनिंग द्या, शेवटाला आणा. गेल्या हंगामात आम्ही हा तोडगा एका मुलावर खरोखर अमलात आणला. तोडगा चुकीचा नव्हता, पण सांगतात तितका सोपाही नव्हता.

मी मूळची सांगलीची. पुण्यात फिजिओथेरपी केली, इथे येऊन मास्टर्स केलं आणि आता ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजात ॲथलेटिक ट्रेनर आहे. घरी मी ‘टीमची फिजिओ’ एवढंच सांगते, ते पुरतं. मुलं मला ‘डॉक’ म्हणतात. डॉक्टर नाही हे सांगून सांगून थकले, आता ओ देते. आमचं कॉलेज डिव्हिजन थ्रीचं, म्हणजे इथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. मुलं फी भरून, प्रयोगशाळेचे तास सांभाळून खेळतात. पुढे मेजर लीगमध्ये, म्हणजे इथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, जाऊन कोट्यधीश होऊ अशी आशा फारशी कोणाला नसते. म्हणूनच खेळायचं थांबवा म्हटलं की त्यांना जास्त लागतं. त्यांच्याकडे एवढी चारच वर्षं असतात.

क्रिकेटवर वाढलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. बेसबॉलचा सामना नऊ इनिंगचा. सुरुवात करणारा पिचर तो स्टार्टर. सगळं जुळून आलं तर तो पाच-सहा इनिंग, नव्वदेक चेंडू टाकतो. व्यावसायिक संघांत मग त्याला चार-पाच दिवस विश्रांती. कॉलेजात सामने मुख्यतः शनिवार-रविवारी, त्यामुळे स्टार्टरची पाळी आठवड्यातून एकदाच येते. त्याच्यामागून येणारे ते रिलीव्हर. मैदानाच्या कडेला कुंपणाआड ते हात गरम करत असतात, ती जागा बुलपेन. कसोटीत सकाळी नवा चेंडू हातात घेणारा आणि टी-20मध्ये अठरावं षटक टाकायला येणारा, यांच्यात जेवढं अंतर, तेवढंच या दोघांत.

आमचा मुलगा उजव्या हाताचा, उंचापुरा, जीवशास्त्राचा विद्यार्थी. नाव सांगता येणार नाही. पहिल्या वर्षी खांदा धरला. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये सामना संपल्यावर तो माझ्याकडे आला आणि काही न बोलता कोपराच्या आतल्या बाजूला अंगठा टेकवून उभा राहिला. पिचर असा उभा राहिला की पुढचं सांगावं लागत नाही. त्याला टेबलावर घेतलं, दंड आडवा, कोपर पूर्ण दुमडलेलं, आणि बाहेरच्या दिशेने ताण देत हात झपकन सरळ केला. कोपर 120 ते 70 अंशांच्या टप्प्यातून जाताना ओळखीची कळ आली, तर लिगामेंटला इजा झाल्याची शंका बळावते. त्याने दात आवळले. एमआरआयमध्ये कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, अर्धवट फाटल्याचं दिसलं. सर्जनचं म्हणणं पडलं की शस्त्रक्रियेची आत्ता घाई नको. आधी विश्रांती, मग 45 फुटांपासून हळूहळू अंतर वाढवत पुन्हा फेकायला शिकायचं.

या लिगामेंटची गंमत अशी. चेंडू सोडायच्या आधी पिचरचा हात मागे पूर्ण लवतो, तेव्हा कोपर आतल्या बाजूने उघडू बघतं. तरबेज पिचरच्या कोपराला त्या क्षणी सुमारे 64 न्यूटन-मीटर एवढा पीळ (टॉर्क) सांभाळावा लागतो, असं मोजलेलं आहे. मृतदेहांवरच्या चाचण्यांत हे लिगामेंट एकटं असताना साधारण त्याच्या निम्म्यालाच तुटतं. मग जिवंत माणसाचं दर चेंडूला कसं तुटत नाही? कारण पुढच्या हाताचे, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचे, स्नायू निम्मा भार उचलतात. ते दमले की त्यांचा वाटा लिगामेंटवर येतो.

ते अखेर तुटलंच, तर टॉमी जॉन शस्त्रक्रिया. 1974च्या सप्टेंबरात डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्स संघाच्या टॉमी जॉन या पिचरच्या मनगटाकडचा कंडरा काढून त्याच्या कोपरात ओवला. परतण्याची आशा त्यांच्या मते शंभरात एक होती. जॉन 1976 मध्ये परतला आणि त्यानंतर 164 सामने जिंकला. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया इतकी रुळली, की काही पालकांना ती हात सुधारण्याचा उपायच वाटते. त्यानंतरचं वर्ष-दीड वर्ष मात्र त्यांच्या हिशेबात नसतं, आणि आमच्या मुलाच्या बाबतीत ते दीड वर्ष म्हणजे उरलेलं जवळजवळ सगळं कॉलेज.

शरद ऋतूत तो परत फेकायला लागला. सरावाच्या सामन्यांत पहिल्या तीन इनिंगमध्ये बॅटरना काही सुधरत नसे. चौथ्या इनिंगला चेंडू वर राहू लागे, चेंडू सोडताना कोपर खाली येई, आणि दुसऱ्या दिवशी तो वही डाव्या हातात धरून वर्गात जाई. मी दर वेळी खेळाआधी आणि खेळानंतर डायनमोमीटरवर त्याची पकड मोजत होते, कारण मुठीची ताकद उतरली म्हणजे तेच पुढच्या हाताचे स्नायू दमले. साठ चेंडूंच्या पुढे आकडा दर वेळी घसरत होता. पंचेचाळीसला थांबवला तर जवळपास जिथल्या तिथे.

डिसेंबरमध्ये बैठक झाली. हेड कोच साठीचे, त्यांच्याकडे दाखले तयार होते. जॉन स्मोल्ट्झ घ्या, म्हणाले. 2000चा अख्खा हंगाम कोपराच्या शस्त्रक्रियेत गेला, पुढच्या वर्षी अटलांटाने त्याला बुलपेनमध्ये आणलं, 2002 मध्ये त्याने 55 सामने वाचवले (शेवटी येऊन संघाची आघाडी टिकवली, यालाच ‘सेव्ह’ म्हणतात) आणि 2005 मध्ये तो पुन्हा स्टार्टर झाला. केरी वूड घ्या. 1998 मध्ये विशीतल्या पोराने एका सामन्यात 20 जणांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केलं, मग शस्त्रक्रिया, दुखापतींवर दुखापती, आणि तरी 2008 मध्ये क्लोजर, म्हणजे सामना संपवायला येणारा रिलीव्हर, म्हणून शिकागो कब्ज संघासाठी 34 सेव्ह. पिचिंग कोचचा मुद्दा जास्त रोखठोक होता: याच्याकडे दोनच खरे चेंडू आहेत, फास्टबॉल आणि ऐनवेळी बाजूला वळणारा स्लायडर. वेग कमी करून चकवणारा चेंजअप नावापुरता. तिसऱ्यांदा तोच बॅटर समोर आला की तो याला ओळखतो. हात शंभर टक्के असता तरी मी त्याला बुलपेनमध्येच घेतला असता.

मी जोबा चेंबरलेनचं नाव काढलं. 2007 मध्ये यांकीजनी या तरुण पिचरला बुलपेनमध्ये वापरताना खास नियम केले होते: लागोपाठ दोन दिवस नाही, आणि जितक्या इनिंग टाकेल तितके दिवस सुट्टी. इतकं जपूनही 2011 मध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झालीच. बुलपेन नको असं मला म्हणायचं नव्हतं. चौथ्या इनिंगची दमणूक टळेल हे माझ्याच आकड्यांत दिसत होतं. पण एक ओझं उतरवून आपण दुसरं चढवतोय, आणि त्याची नोंद कोण ठेवणार हे आत्ता ठरवा, एवढाच माझा हट्ट होता. निर्णय तसाही माझा नव्हता. हात काय पेलेल ते सांगणं माझं काम.

मुलाला सांगायचं काम कोचने केलं, पण तो आला माझ्याकडे. “डॉक, माझा शनिवार काढून घेतला,” म्हणाला. दुखापतीचा शब्द नाही. स्टार्टरचा आठवडा आखलेला असतो. शनिवारी सामना, रविवारी हलकं धावणं, सोमवारी वजनं, मंगळवार-बुधवारी कमी जोराचा सराव, शुक्रवारी लवकर झोप. या चौकटीत पोरगं अभ्यासही बसवतं. रिलीव्हरला आज आपण खेळणार की नाही हे रात्री आठपर्यंत माहीत नसतं. त्याचे वडील दर शनिवारी चार तास गाडी चालवत सामन्याला येत. आता त्यांनी कोणत्या दिवशी यायचं?

वडिलांचा मला फोनही आला. मी नम्रपणे सांगितलं की मुलाच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या हाताबद्दल एक अक्षर बोलता येणार नाही. तो सज्ञान आहे. फोन ठेवल्यावर मलाच चमत्कारिक वाटलं. आपल्याकडे क्लिनिकमध्ये पेशंटबरोबर आई, काका आणि शेजारची वहिनी आत येते आणि पेशंट सोडून बाकीचे सगळे बोलतात. इथे जन्मदात्यालाही दाराबाहेर ठेवावं लागतं. (मुलाने पुढच्याच आठवड्यात सही करून दिली. त्यानंतर वडिलांचे फोन वाढले, ते वेगळं.)

जानेवारीत तयारी बदलली. स्टार्टरला आम्ही पंचाहत्तर-नव्वद चेंडूंच्या टप्प्याकडे हळूहळू नेतो. याला वीस-पंचवीस चेंडूच टाकायचे होते, पण पहिल्यापासून पूर्ण जोराने. स्टार्टर असताना तो ताशी 86-87 मैलांवर राहायचा, कारण लांबवर जायचं असे. इनडोअर सरावात रिलीव्हर म्हणून सोडला आणि रडार गनवर 90 दिसलं. पिचिंग कोच खूश. मी नव्हते. मेजर लीग बेसबॉलने डिसेंबर 2024 मध्ये पिचरांच्या दुखापतींवर जो अहवाल काढला, त्यात वेगामागे धावणं आणि प्रत्येक चेंडू जीव काढून टाकणं यांवरच बोट ठेवलंय. चेंडू कमी झाले हे खरं, पण आता त्यातला एकही हातचं राखून टाकलेला नव्हता.

खरी डोकेदुखी निघाली वॉर्म-अपची. स्टार्टर सामन्याआधी चाळीस मिनिटं घेतो: धावणं, रबरी बँड, भिंतीवर वजनदार चेंडू, मग लांब अंतरावर फेकाफेक आणि शेवटी माउंडवर, म्हणजे पिचर जिथून टाकतो त्या उंचवट्यावर, तीसेक चेंडू. रिलीव्हरला हे सगळं दहा मिनिटांत उरकायचं असतं, तेही दोन तास लाकडी बाकावर बसल्यावर. ओहायोत मार्चमध्ये पारा पाचाच्या आसपास असतो आणि वारा अंगाला झोंबतो. सुरुवातीला तो दहा मिनिटांत चाळीस मिनिटांचं सगळं कोंबू बघायचा आणि माउंडवर जाईपर्यंत धापा टाकत असायचा.

आम्ही ते तुकड्यांत वाटलं. सामन्याआधी संघाबरोबर धावणं आणि हलकी फेकाफेक. तिसऱ्या इनिंगला उठून पाच मिनिटं चालायचं, नितंब आणि पाठ मोकळी करायची. पाचव्या इनिंगला बँड आणि भिंतीवरचे चेंडू. खांद्यावर गरम पॅक, वर जाड जॅकेट, खिशात हात गरम ठेवायच्या पिशव्या. मग हाक आल्यावर बारा-पंधरा चेंडूंत तो तयार व्हायला हवा. हे त्याच्या अंगवळणी पडायला मार्च संपला. यात सगळ्यात अवघड होतं तिसऱ्या इनिंगला उठणं. त्याला वाटायचं, सगळे बघतायत आणि म्हणतायत, हा कुठे निघाला?

संघ फ्लोरिडाच्या दौऱ्याहून परतल्यावरच्या एका शनिवार-रविवारी मी पहिल्या वर्षाच्या राखीव कॅचरच्या (क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा) हातात लोखंडी क्लिकर दिला. आपल्याकडे मंदिरात रांगेतली माणसं मोजायला वापरतात तसला. त्याला सांगितलं, याने टाकलेला प्रत्येक चेंडू मोजायचा, सामन्यातला असो की कुंपणाआडचा. शनिवारी कोचने त्याला उठवलं, आमच्या संघाने तेवढ्यात चार धावा काढल्या, बसवलं. दोन इनिंगनंतर सामना पुन्हा अडला, उठवलं, पुन्हा बसवलं. रविवारी तसंच एकदा. स्कोअरबुकात त्या दोन दिवसांत त्याच्या नावापुढे चेंडू शून्य. क्लिकरवर 71. त्यातले निम्म्याहून जास्त पूर्ण जोराचे, कारण गरम होताना रिलीव्हर हळू टाकतच नाही. कोणत्याही क्षणी आत जायचं असतं.

कोचना मी क्लिकर तसाच नेऊन दाखवला. ते बराच वेळ त्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे हा पोरगा माझ्याकडून ताजातवाना म्हणून सोमवारी खेळला असता.”

वयानुसार चेंडूंच्या मर्यादेचे तक्ते आता शाळकरी मुलांसाठीही आहेत. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलच्या पिच स्मार्ट तक्त्यात 17-18 वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त 105 चेंडू आणि 81 किंवा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती. चांगला तक्ता आहे, मी तो भिंतीवर लावलाय. पण त्यात मोजतात ते बॅटरला टाकलेले चेंडू. कुंपणाआडचे कोणाच्याच हिशेबात नसतात. स्टार्टरच्या बाबतीत ते निभतं, त्याचा वॉर्म-अप दर वेळी एकच आणि एकदाच. रिलीव्हरच्या बाबतीत कधी कधी तेच मुख्य काम असतं.

मग नियम ठरले, कागदावर, कोचच्या सहीने. दोनदा उठवला तर तो खेळला असं धरायचं, मग तो माउंडवर गेलेला असो वा नसो, आणि त्या दिवशी तिसऱ्यांदा उठवायचं नाही. सुरुवातीचे आठवडे लागोपाठ दोन दिवस नाही. आणायचा तो नव्या इनिंगच्या सुरुवातीला, बेसवर माणसं, म्हणजे धावेच्या वाटेवरचे प्रतिस्पर्धी, असताना मध्येच नाही. ही शेवटची अट पिचिंग कोचला जाचक वाटली, कारण रिलीव्हर लागतो तो नेमका आग लागल्यावर. वजनं उचलायची ती खेळलेल्याच दिवशी, सामना संपल्यावर, म्हणजे सुट्टीचा दिवस खरोखर सुट्टीचा राहतो. रात्री साडेनऊला रिकाम्या जिममध्ये तो डेडलिफ्ट करायचा आणि मी तिथे बसून दिवसाच्या नोंदी टाइप करायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजमाप: मुठीची पकड, आणि टेबलावर झोपवून दोन्ही खांदे आत-बाहेर किती फिरतात त्याची बेरीज. फेकणाऱ्यांचा हात बाहेर जास्त वळतो, आत कमी, पण दोन्हींची बेरीज दुसऱ्या हाताइतकी लागते. ती घटली की मी कोचना मेसेज करायचे: आज नको.

नियमांची कसोटी लागली एप्रिलमध्ये. भुरभुर पाऊस, लीगमधला तुल्यबळ संघ, दोन सामन्यांतला दुसरा. सहाव्या इनिंगला कोचने डगआउटमधून उजव्या दंडावर थाप मारली, म्हणजे उजव्या हाताच्याला उठव. तो उठला, गरम झाला, पण डबल प्ले (एकाच चेंडूवर दोघं बाद) मिळाला, बसला. आठव्याला पुन्हा तेच. नवव्यात आम्ही एका धावेने पुढे, बेसवर दोघं, आणि माउंडवरच्या पोराचा ताबा सुटलेला. कोचने दंडाकडे हात नेला, मग माझ्याकडे पाहिलं. मी दोन बोटं दाखवली. कुंपणाआडून मुलगाही माझ्याकडेच बघत होता, आणि त्याच्या नजरेत मला माफी नव्हती. कोचने डाव्या दंडावर थाप मारली. आत गेलेल्या पहिल्या वर्षाच्या डावखुऱ्याला दुसऱ्याच चेंडूवर दणदणीत डबल, म्हणजे दोन बेसचा फटका, बसला आणि आम्ही हरलो.

त्या रात्री मला चार गोष्टी ऐकाव्या लागतील अशी माझी तयारी होती. मुलगा खरंच दोन दिवस माझ्याशी तुटक बोलला. कोच दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, “नियम तुझा, पण सही माझी होती.” पिचिंग कोच अजूनही त्या सामन्याचा विषय काढतो.

हंगाम निभावला. तो एकदाही कोपर धरून माझ्या दारात आला नाही. खेळला तेव्हा बहुतेक वेळा भेदक खेळला. एकदाच चार वॉक (भरकटलेल्या चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणारा बेस) देऊन डबा गुल केला, आणि तो दिवस सेंद्रिय रसायनशास्त्राच्या परीक्षेनंतरचा होता, हे मी माझ्या नोंदींत लिहून ठेवलंय. पकडीचा आकडा मे महिन्यात जानेवारीइतकाच होता. मात्र याचं श्रेय नुसत्या बुलपेनला द्यायला मी तयार नाही. नियम नसते तर त्याच बुलपेनमध्ये तो एप्रिलमध्येच संपला असता, असं माझं प्रामाणिक मत आहे. वडिलांनीही तोडगा काढला. ते शनिवारऐवजी रविवारी येऊ लागले, कारण शनिवारी नाही लागला तर रविवारी लागण्याची शक्यता जास्त, असा त्यांचा हिशेब. बऱ्याचदा तो बरोबर निघाला.

हंगाम संपल्यावर प्रत्येक मुलाशी शेवटची भेट होते. त्यात त्याने सरळ सांगितलं, शेवटचं वर्ष मला स्टार्टर म्हणून खेळायचंय. स्मोल्ट्झ परत गेलाच होता की, म्हणे. कोचचाच दाखला त्याने कोचवर उलटवला. पिचिंग कोचला ताशी 90 मैल सोडवत नाहीत. सर्जनना तपासणीत वावगं काही दिसलं नाही. उन्हाळी लीगला जायचं नाही आणि दोन महिने चेंडूला हात लावायचा नाही, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. त्या काळात पुढचा हात मजबूत करायचा आणि ऑगस्टपासून चेंजअपवर काम.

सप्टेंबरात दोन इनिंगपासून सुरू करू. पकड पंचाहत्तर चेंडूंपर्यंत टिकली तर शनिवार त्याचा. साठलाच घसरली तर पुन्हा कुंपणाआड, आणि त्या वेळी त्याची समजूत काढायला कोचने स्वतः जायचं, हे मी आत्ताच बजावून ठेवलंय.